तळ्याकाठचे बंदर : तापोळा
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी एका बंदराविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींना हसू आले असेल. आपल्या वऱ्हाडात ‘बंदर’ म्हटले की पोरे आधी चिंचेच्या झाडाकडे बघतात. समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड ही आपली बाजाराची गावे. तिथे कापसाच्या बैलगाड्या आल्या, काही ठिकाणी रेल्वे आली, मालमोटारी आल्या. जहाज काही आले नाही. पण मी ज्या बंदराविषयी सांगणार आहे, तेही समुद्रावर नाही. ते सह्याद्रीच्या आत, दोन डोंगररांगांच्या मध्ये, एका धरणाच्या पाण्याकाठी आहे. त्याचे नाव तापोळा.

सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातले हे गाव. महाबळेश्वरला जाणारे प्रवासी आता हटकून तिथे उतरतात. कोणी त्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणते. पाणी, होड्या, चहूकडे हिरवे डोंगर; चित्रातल्यासारखे गाव आहे यात शंका नाही. परंतु हे बंदर झाले कसे, ही गोष्ट त्या चित्रात दिसत नाही. ती गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्याही कामाची आहे, म्हणून आज हा विषय निवडला.

आधी जागा नीट समजून घेऊ. महाबळेश्वरच्या माथ्यावर पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. यातली कृष्णा आणि वेण्णा पूर्वेकडे वळतात. कोयना मात्र थेट दक्षिणेची वाट धरते. डाव्या हाताला एक डोंगररांग, उजव्या हाताला सह्याद्रीची मुख्य धार, आणि मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून साठ-पासष्ट किलोमीटर ती अशीच जाते. हेळवाकला आल्यावर ती पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तोच प्रसिद्ध प्रीतिसंगम. वरच्या भागात तिला सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या येऊन मिळतात. तापोळा हे गाव या नद्यांच्या मिलाफाजवळ आहे. महाबळेश्वराहून पंचवीसेक किलोमीटरचा वळणावळणाचा घाट उतरावा लागतो आणि उंचीत आपण सुमारे सातशे मीटर खाली येतो.

इथला पाऊस आपल्या कल्पनेबाहेरचा आहे. यवतमाळात वर्षाला नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस झाला की आपण साल बरे गेले म्हणतो. महाबळेश्वरात त्याच्या पाच-सहा पट पडतो. जून ते सप्टेंबर डोंगर दिसत नाहीत, नुसता आवाज ऐकू येतो. असा पाऊस, दाट रान आणि उभे कडे. अशा मुलखात शिरणे अवघड आणि शिरलेल्याला बाहेर काढणे त्याहून अवघड. या खोऱ्याचा सगळा जुना इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘जावळीचे खोरे’ वाचले आहे, ते हेच. मोरे घराण्याकडे इथली सत्ता होती. ‘चंद्रराव’ हा त्यांचा किताब. नावाला ते आदिलशाहीचे चाकर, पण रानात हुकूम त्यांचाच चाले. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा त्यांच्या हातात होत्या, आणि म्हणूनच शिवाजी महाराजांना जावळी घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हते. १६५६ च्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली. त्याच वर्षी रायरी ताब्यात आली, जिचा पुढे रायगड झाला. खोऱ्याच्या तोंडाशी प्रतापगड बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा प्रसंग घडला. जावळी हाती नसती तर पुढचे बरेच काही वेगळे झाले असते, असे म्हणायला हरकत नाही.

याच खोऱ्याच्या पश्चिम कडेला वासोटा किल्ला आहे. आज बामणोलीहून होडीने पाणी ओलांडून जो किल्ला बघायला लोक जातात, तो हाच. शिलाहारांच्या काळापासूनचा तो मानला जातो. १६६० मध्ये तो स्वराज्यात आला आणि त्याला ‘व्याघ्रगड’ हे नाव मिळाले. नाव अगदी चपखल होते, कारण भोवती वाघांचेच रान. पुढे या किल्ल्याचा उपयोग मुख्यतः तुरुंग म्हणून झाला. कैद्याला वासोट्यावर ठेवले की वेगळ्या भिंतींची गरज नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वासोट्यावर एक विलक्षण बाई होऊन गेली. ताई तेलीण तिचे नाव. पेशव्यांनी पंतप्रतिनिधींना कैद केले, तेव्हा तिने माणसे जमवून त्यांची सुटका केली, आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले चालून आले तेव्हा हा किल्ला कित्येक महिने लढवला. राजघराण्याचा आधार नाही, सरदारकी नाही. अशी एक बाई पेशवाईच्या फौजेला अडवून धरते, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत का येत नाही, असा प्रश्न मी इतिहास शिकवत असताना मला नेहमी पडे. मी ती वर्गात सांगत असे. मुलींना ती फार आवडे.

पेशवाईच्या शेवटी, इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा, बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबातली माणसे वासोट्यावर ठेवली होती. दोन इंग्रज अधिकारीही तिथे कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलर फौज घेऊन या रानात शिरला. समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर त्याने तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला. किल्ला पडला. त्यानंतर वासोट्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष राहिले नाही. रान पुन्हा वाढले.

राजे-सरदारांची ही गोष्ट झाली. खोऱ्यातले साधे लोक काय करीत होते? उतारावर नाचणी, वरी. नदीकाठच्या सपाटीवर भात. तेवढ्यात वर्ष निघत नसे. घाटवाटांनी कोकणात खेड आणि चिपळूणकडे ये-जा होती. कोकणातले मीठ वर यायचे, वरचे धान्य खाली जायचे, ते माणसांच्या डोक्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून. मीठ आणि धान्याची अशी वाहतूक देशभर करणारे बंजारा तांडे आपल्याला परके नाहीत. आपल्या पुसद-दिग्रसच्या तांड्यांच्या पूर्वजांचा तोच व्यवसाय होता.

मुंबईत गिरण्या आणि गोद्या उभ्या राहिल्या तशी जावळी-पाटणची तरुण मुले मुंबईला जाऊ लागली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, पुष्कळसे पाठीवर ओझी वाहणारे माथाडी. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. आपल्या जिल्ह्यातला कापूस यवतमाळ-मूर्तिजापूर या चिमुकल्या रेल्वेने निघून मुंबईकडे जात असे. त्यातली एखादी गाठ जावळीच्या एखाद्या माणसाने पाठीवर घेतली असेल. एकमेकांना कधी न पाहिलेले हे दोन मुलूख असे मुंबईत भेटत होते.

आता धरणाकडे येऊ. इतका पाऊस, इतके अरुंद खोरे आणि पलीकडे कोकणात एकदम खोल उतार, हे पाहून वीज काढण्याची कल्पना कोणालाही सुचावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत टाटांनी या जागेचा विचार केला होता. मंदीच्या दिवसांत तो मागे पडला. स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम हाती घेतले. १९५० च्या दशकात हेळवाकजवळ, देशमुखवाडी येथे काम सुरू झाले आणि तिथे कोयनानगर वसले. धरणाची उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरांहून थोडी अधिक. १९६२ पासून पाणी साठू लागले. जलाशयाला ‘शिवसागर’ हे नाव मिळाले. सुरुवातीला सुमारे ९८ टीएमसी पाणी मावत असे. पुढे दरवाजांची उंची वाढवल्यावर ते १०५ टीएमसी झाले.

या धरणाची एक खुबी सांगतो. कोयना ही स्वभावाने आपल्या पैनगंगेसारखीच, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारी नदी. पण तिचे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात पाडले जाते. त्या पडण्याच्या जोरावर वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीला मिळते. कृष्णा पाणी लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. चार टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता त्याला तळातून भोक पाडायचे होते. बोगदा पाण्याखाली नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा, याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात. असा प्रयोग १९९९ मध्ये इथे झाला आणि २०१२ मध्ये दुसऱ्यांदा झाला. दोन्ही वेळा यशस्वी. महाराष्ट्राच्या कारखानदारीला या विजेने किती आधार दिला हे मी वेगळे सांगायला नको. कोयनेला ‘महाराष्ट्राची भाग्यरेषा’ म्हणतात ते उगाच नाही.

पण पाणी साठू लागले म्हणजे ते कुठे साठले? ते साठले त्या नदीकाठच्या सपाटीवर, जिथे भात होत होता. शंभराच्या आसपास गावांना झळ पोहोचली. काहींचे सगळे गाव गेले, काहींची फक्त शेते. तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो पुढे १९७६ मध्ये झाला. कोयनेच्या लोकांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या गेल्या. डोंगरातल्या पावसात वाढलेला माणूस सोलापूरच्या उन्हात नेऊन बसवला म्हणजे काय होते, याची कल्पना आपण करू शकतो. काही कुटुंबे गेली. काही गेली आणि परत आली. काहींनी पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर नव्याने झोपडी बांधली आणि तिथेच राहिली. जमिनीच्या मोबदल्याचे आणि कागदपत्रांचे प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत आले. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाने कोयनाग्रस्तांसाठी मोठी आंदोलने केली. २०१८ मध्येसुद्धा हे लोक कोयनानगरला धरणे धरून बसले होते. धरणात पाणी साठू लागून तेव्हा छप्पन्न वर्षे झाली होती.

धरण झाल्यावर पाच वर्षांत आणखी एक आघात झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर परिसरात घरे कोसळली, दीडशेहून अधिक माणसे गेली. आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. जलाशयातल्या पाण्याचा आणि इथल्या भूकंपांचा संबंध आहे, असे शास्त्रज्ञ त्यानंतर सांगत आले. जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत कोयनेचे नाव यामुळे गेले. कऱ्हाडजवळ हजारमाचीला यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि जमिनीत खोल छिद्रे घेऊन तिथे अभ्यास चालतो. त्याच वसंतरावांच्या काळात, १९६९ मध्ये, माथाडी कायदा झाला. म्हणजे खोऱ्यातून उठून मुंबईला गेलेल्या माणसाला निदान तिथे तरी कायद्याचा हात मिळाला.

आता तापोळा बंदर कसे झाले ते पाहा. नदी होती तोवर पलीकडच्या गावाला जायला पायवाट होती, उन्हाळ्यात पात्र ओलांडता येई. पाणी चढले आणि वाटा बुडाल्या. कांदाटी आणि सोळशीच्या खोऱ्यांतली, तसेच पलीकडच्या काठावरची गावे एकदम तुटली. शेजारचे गाव डोळ्यांना दिसते, पण मध्ये खोल पाणी. डोंगर चढून वळसा घालायचा तर दिवस मोडतो. तेव्हा होडी आली. तापोळा उत्तरेच्या टोकाला आणि बामणोली त्याच्या दक्षिणेला, अशी दोन ठिकाणे या पाण्यावरचे थांबे झाली. बाजार तिथे, दवाखाना तिथे, एसटी तिथपर्यंत. पुढे लाँच. वाहने नेण्यासाठी तराफाही आला. अशा रीतीने रस्ता बुडाल्यामुळे गाव बंदर झाले.

या बंदराचा धक्का वर्षभर एका जागी राहत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय भरतो तेव्हा पाणी गावाच्या पायथ्याला लागते. मग वीज काढता काढता पातळी उतरू लागते. मे महिन्यात होडीकडे जायला उतारावरून, वाळलेल्या चिखलातून बरेच खाली चालावे लागते. पाणी फार खाली गेले की लाँच वरच्या गावांपर्यंत पोहोचू शकत नाही आणि तिथल्या लोकांची पायपीट सुरू होते. पाण्याखालून वर आलेल्या गाळपेर जमिनीत काही जण पीक घेतात. जुन्या वाटा, जोती, कुठे देवळाचे दगड उन्हात दिसू लागतात. पावसाळा आला की पुन्हा सारे पाण्याखाली.

काही वर्षांपूर्वी मी बामणोलीहून लाँचमध्ये बसलो होतो. आम्ही तिघे प्रवासी, बाकी सगळे गावकरी. कोणाजवळ रेशनच्या तांदळाची पिशवी, कोणाजवळ खताचे पोते. एक बाई तापलेल्या लेकराला दवाखान्यात दाखवून परत निघालेली. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी विचारले, “कुठनं आलासा, पाव्हणं?”

“यवतमाळहून, काका.”

“लई लांबनं की! तिकडं धरणं हायती का?”

मी म्हटले, “आहेत ना. पुसदचे आहे, अरुणावती आहे, बेंबळा आहे, पैनगंगेवर इसापूर आहे.”

“मग त्यात गेलेली गावं कुठं बसवली?”

मी सांगितले, कुठे कुठे जवळच्या माळावर जागा मिळाली, जुन्याच नावापुढे ‘पुनर्वसन’ जोडून नवी गावे झाली. काही लोक शहरात गेले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “नाव तरी ऱ्हायलं म्हणायचं.” मग पाण्याकडे बोट करून त्यांनी आपल्या भाताच्या खाचराची जागा दाखवली. ते सोळा वर्षांचे असताना शेवटची कापणी झाली होती. तक्रारीचा सूर नव्हता. एखादा माणूस प्रवाशाला गावातली शाळा दाखवतो, तसे त्यांनी दाखवले.

पर्यटन हे या खोऱ्यात अगदी अलीकडचे. महाबळेश्वरचे प्रवासी खाली उतरू लागले, तशा गावकऱ्यांनी बोटी घेतल्या, बोट क्लब काढले. ज्या होड्यांतून धान्य यायचे, त्याच पाण्यावर आता फिरायला नेणाऱ्या यांत्रिक होड्या आल्या. राहण्याला तंबू, घरगुती खाणावळी, कृषी पर्यटन केंद्रे झाली. स्ट्रॉबेरीची शेते महाबळेश्वरच्या बाजूने पसरली. मुंबईला गेलेल्या काही मुलांनी परत येऊन धंदा धरला. ज्या पाण्याने आजोबांची शेती नेली, त्याच पाण्यावर नातवाचे पोट भरू लागले, ही गोष्ट लहान नाही.

बघण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. तापोळ्याहून होडीने नद्यांचा त्रिवेणी संगम आणि तिथले दत्ताचे देऊळ बघता येते. बामणोलीच्या बाजूने वासोटा. त्यासाठी बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, होडीने पलीकडे मेट इंदवलीला उतरावे लागते आणि दाट रानातून दोन-तीन तास चढावे लागते. अंधाराच्या आत परतायचे, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. वर गेल्यावर बाबू कड्याचा घोड्याच्या नालासारखा उभा खडक आणि खाली कोकण दिसते. हे सारे रान १९८५ पासून कोयना अभयारण्यात आहे आणि २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. कांदाटी खोऱ्यात पर्वत, चकदेव, उत्तेश्वर ही डोंगरावरची जुनी शिवस्थाने आहेत. साताऱ्याहून बामणोलीला जाताना वाटेत कासचे पठार लागते. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे रानफुलांचे गालिचे असतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास आणि कोयना दोन्ही आहेत. फुलांच्या दिवसांत तिथे रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते, तेव्हा आधी नोंदणी करूनच जावे.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी सोपी वाट म्हणजे धामणगाव किंवा बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस. ती थेट साताऱ्याला उतरवते. तिथून एसटीने बामणोली किंवा महाबळेश्वरमार्गे तापोळा. पाणी भरलेले आणि पाऊस ओसरलेला, असे दोन्ही हवे तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे दिवस चांगले. होडीत बसताना जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे. गोड्या पाण्याचे असले तरी हे पाणी फार खोल आहे.

आता पुन्हा एकदा या खोऱ्याचे रूप बदलू घातले आहे. बामणोलीजवळ मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटनाचा मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला. ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने दोनशेहून अधिक गावांचा विकास आराखडा पुढे आला. त्याने रोजगार मिळेल, असे काही जण म्हणतात. रान जाईल आणि जमिनी बाहेरच्यांच्या हातात जातील, अशी भीती इतरांना वाटते. तापोळ्याजवळ जलाशयावर मोठा पूल बांधण्याचेही काम हाती घेतले गेले. या पुलाची मागणी लोकांची आहे आणि ती रास्त आहे. आजारी माणसाला वाऱ्या-पावसात लाँचची वाट बघत काठावर बसावे लागू नये, यात दुमत असण्याचे कारण नाही. पूल झाला की पलीकडच्या गावांना साठ वर्षांनी रस्ता परत मिळेल. मग होड्या उरतील त्या मुख्यतः प्रवाशांसाठी.

श्रोतेहो, हे सगळे मी आपल्याला का सांगितले? आपला जिल्हाही धरणांचा आहे. यवतमाळ शहर निळोण्याचे पाणी पिते. पूस, अरुणावती, बेंबळा, इसापूर या पाण्यांवर आपली शेती आणि गावे अवलंबून आहेत. इसापूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी येतात, तिथे अभयारण्य जाहीर झाले आहे. निम्न पैनगंगा धरणाला दोन्ही काठांच्या गावांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तो आपण वर्तमानपत्रांत वाचला आहे. उद्या आपल्याही एखाद्या जलाशयावर बोट क्लब निघेल, हॉटेले होतील, सहली येतील. ते व्हावे. पण तिथे आधी कोणती गावे होती, त्यांची नावे काय, कोणते देऊळ, कोणता बाजार, लोक कुठे गेले, हे लिहून ठेवण्याचे काम आपणच करायला हवे. तापोळ्याचे किल्ले आणि राजे पुस्तकांत आले आहेत. त्या भाताच्या खाचरांची हकीकत मात्र अजून बरीचशी माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. धरणाकाठी सहल नेलीत तर मुलांना आधी पुनर्वसित गावात न्या. तिथल्या एखाद्या आजीला जुन्या गावाचा नकाशा जमिनीवर काडीने काढायला सांगा आणि मुलांना तो वहीत उतरवून घेऊ द्या. विहीर कुठे होती, पार कुठे होता, पोळ्याचे तोरण कुठे बांधत, सगळे विचारा. मग धरणावर चला. पाणी तेच असेल, पण मुले ते निराळ्या नजरेने बघतील. आणि होडीत बसण्याची मौज काही कमी होणार नाही.